शिक्का खरा, मजकूर खोटा

महसूल कचेरींत लेखणी झिजवीत असतां आम्हांस एक गोष्ट पक्की कळली. अर्जावर आवकेचा शिक्का पडला म्हणजे अर्ज दाखल झाला, एवढेंच सिद्ध होतें. रकान्यांतील मजकूर अर्जदाराचा असतो व त्याचा खरेखोटेपणा शिक्का सांगत नाहीं. ई-मेलच्या बाबतींत ठकांनीं नेमकें हेंच हेरलें आहे.

पेपॅल ही पैशांची देवघेव करणारी नांवाजलेली अमेरिकन कंपनी. २०२५ सालीं अनेकांस ‘आपण नवा पत्ता नोंदविला’ अशीं तिचीं पत्रें आलीं. तीं कंपनीच्याच पत्त्यावरून निघालेलीं. म्हणून खोटें टपाल अडविणारीं यंत्रेंहि फसलीं. खुबी अशी कीं, ठकानें स्वतःच्या खात्यांत पत्त्याच्या रकान्यांतच लिहिलें : ‘आपला महागडा संगणक रवाना होत आहे, खरेदी आपली नसल्यास अमुक नंबरावर फोन करा.’ कंपनीच्या यंत्रानें तो मजकूर इमानेंइतबारें उतरवून पत्र ठकास धाडलें, व तेथून तें परस्पर इतरांकडे गेलें. फोन करणारास, संगणक दुरून चालवितां येईल असें साधन बसवावयास सांगत. मग सारें खुलें.

नांदेड-लातूरकडे सोयाबीनची पट्टी, पीकविमा, पीएम-किसानचा हप्ता, सर्वांच्या सूचना आतां मोबाइलवरच येतात. (न केलेल्या खरेदीस भ्यावें कशास ? पण माणूस भितो खरा.) पाठविणाराचें नांव खरें दिसलें तरी आंतील नंबरावर फोन करूं नये, पासबुकावरील नंबर पाहावा, नाहींतर शाखा गांठावी. पैसे गेलेच तर लाजेनें घरीं बसूं नये. तत्काळ १९३० या नंबरावर कळवावें. रक्कम पुढें काढली गेली नसेल तर ती खात्यांतच अडविली जाण्याचा संभव असतो.