हमरापूरहून रेवदंडा-कोर्लई : कुंडलिकेच्या मुखावरील पोर्तुगीज नगर

आपल्या धर्मग्रामांतून फातिमा, लूर्द आणि रोम येथे तीर्थयात्रा निघतात. जाताजाता लिस्बनसारखे एखादे जुने नगरही पाहून होते. परत आलेले भाविक तेथील दगडी चर्चेस, तटबंदी आणि अरुंद गल्ल्यांचे कौतुकाने वर्णन करतात. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि काही लाख रुपये यांची जुळवाजुळव करावी लागते. परंतु त्याच सोळाव्या शतकात, त्याच लोकांनी वसविलेले एक नगर रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखावर उभे होते, आणि पेणजवळच्या हमरापूरहून सकाळी निघालेला माणूस ते पाहून रात्री घरी परतू शकतो.

हे नगर म्हणजे चौल. खरे तर चौल दोन होती. वरचे चौल हे फार जुने बंदर; ग्रीक भूगोलकार टॉलेमीलाही ते 'सिमिल्ला' या नावाने ठाऊक होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात उतरला तो येथेच. खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, हे पोर्तुगीजांचे. १५०८ साली चौलच्या बंदरात इजिप्त व गुजरातच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दि आल्मेइदा मारला गेला. पुढे १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीकाठी किल्ला बांधावयास घेतला. घोडे, रेशीम, सुती कापड आणि मसाले यांच्या व्यापारावर किल्ल्याभोवती नगर वाढले. फ्रान्सिस्कन, दोमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांचे मठ एवढ्याशा जागेत उभे राहिले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या नगराला मोठ्या सैन्यानिशी वेढा घातला, पण ते पडले नाही. जे वेढ्याला जमले नाही ते व्यापाराने केले. सतराव्या शतकात मुंबई बंदर वर आले आणि चौलची उतरती कळा सुरू झाली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर १७४०च्या तहाने चौलही मराठ्यांच्या हाती आले, आणि पोर्तुगीज निघून गेले.

आता जावयाचे कसे ते पाहू. हमरापूर हे पनवेल-रोहा लोहमार्गावरील पेणच्या अलीकडचे स्थानक. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी हे गाव प्रसिद्ध असल्याने वाट विचारावी लागत नाही. येथून पेणला यावे आणि एस. टी.ने वडखळ, पोयनाडमार्गे अलिबाग गाठावे. पेण ते अलिबाग सुमारे ३० किलोमीटर आणि तेथून रेवदंडा आणखी १७-१८ किलोमीटर. शनिवार-रविवारी वडखळ ते अलिबाग रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची इतकी दाटी होते की हिशेब कोलमडतो. म्हणून शक्य तर आठवड्यातील मधला दिवस निवडावा. मुंबईकडून येणाऱ्यांना गेटवेहून मांडव्याची लाँच सोयीची, मात्र पावसाळ्यात ती बंद असते. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास चौलला दत्ताची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत एस. टी.त पाय ठेवावयास जागा नसते.

रेवदंड्यात शिरताना डांबरी रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून आत जातो. अनेक प्रवासी खिडकीतून समुद्र शोधत असतात आणि आपण एका नगराच्या वेशीतून आत आलो हे त्यांच्या लक्षातच येत नाही. आत नगर नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पाटाच्या पाण्याने भिजलेल्या जमिनीत मध्येच एखादी उंच भिंत, एखादी कमान, खिडकीची रिकामी चौकट उभी दिसते. वाड्यांपैकी बऱ्याच खाजगी मालकीच्या आहेत, तेव्हा आत जाण्यापूर्वी मालकाला विचारावे. बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

सर्वांत आधी नजरेत भरतो तो 'सातखणी' मनोरा. फ्रान्सिस्कन मठाचा हा मनोरा नावाप्रमाणे सात मजली होता, असे सांगतात. वरचे मजले आता पडले आहेत, तरी समुद्रावरून येणाऱ्या होड्यांना तो अजून दुरून दिसतो. दोमिनिकन चर्चचे अवशेष पाहताना वेदी कोठे असेल याचा अंदाज घ्यावा. एकदा वेदीची दिशा सापडली की दरवाजा, भाविकांची जागा, मठाचे अंगण हे सारे आपोआप उलगडत जाते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाशी परंपरेने जोडलेले एक छोटे चॅपेलही येथे आहे. हे अवशेष केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, परंतु वडाची मुळे आणि पावसाळा यांना तो फलक वाचता येत नाही. भिंतींवर चढू नये आणि त्यांवर नावे कोरू नयेत, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते.

वेळ असेल तर गावातील बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग आणि चौलचे रामेश्वर मंदिर अवश्य पाहावे. बंदर म्हणजे काय, ते या दोन वास्तू पाहिल्यावर कळते.

बहुतेक पर्यटक रेवदंड्याचा किनारा पाहून माघारी फिरतात. खरे तर येथेच अर्धा प्रवास उरतो. साळावचा पूल ओलांडला की मुरुड रस्त्यावर कोर्लई गाव लागते. खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावरील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्यांनी वर जाता येते. माथ्यावर चर्चचे अवशेष व पाण्याचे टाके आहे, आणि एका बाजूस अथांग समुद्र तर दुसऱ्या बाजूस संपूर्ण रेवदंडा दिसतो. पावसाळ्यात वाट निसरडी होते. पायांत चांगली पादत्राणे असावीत.

पण कोर्लईचा खरा ठेवा डोंगराच्या पायथ्याशी आहे. १७४० साली अधिकारी, व्यापारी आणि मठवासी जहाजांत बसून गेले. ज्यांना जहाजात जागा नव्हती ते राहिले : साधे सैनिक आणि त्यांच्या स्थानिक बायका यांची मुलेबाळे, ख्रिस्ती झालेले कष्टकरी, घरांत राबणारे गुलाम. त्यांचे वंशज आजही कार्मेल मातेच्या चर्चभोवती राहतात आणि घरात जी भाषा बोलतात तिला ते 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात. तिचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज, पण बांधणी मराठीच्या वळणावर गेलेली. लिस्बनचा माणूस 'मी खातो भात' या क्रमाने बोलतो, तर कोर्लईकर आपल्यासारखेच क्रियापद शेवटी ठेवतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञांनी या भाषेवर १९९६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. (आपणही चावी, साबण, पगार, लिलाव, पाव हे पोर्तुगीज शब्द रोज वापरतोच, कोर्लईने संपूर्ण घर सांभाळले, एवढाच फरक.)

ज्या भव्य चर्चेसवर नगराचा पैसा खर्च झाला त्यांच्या भिंती उरल्या आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांची बोली जिवंत राहिली. मात्र ती किती काळ राहील ही चिंता आहे. बोलणारे हजाराच्या आत आहेत. मुले मराठी शाळेत शिकतात, नोकरीसाठी मुंबईकडे जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीतून होऊ लागली. आपल्याला तो आनंदाचा क्षण वाटतो आणि तो आहेही. पण कोर्लईत त्याच बदलाने जुन्या भाषेचा एक आधार सैल झाला, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून कोर्लईत जाणाऱ्या पाहुण्याने 'जरा बोलून दाखवा' असे म्हणत कोणाच्या दारात उभे राहू नये. चर्चमध्ये जावे, मिस्सा असेल तर सहभागी व्हावे आणि नंतर अंगणात थांबावे. ओळख झाली की गप्पा मराठीतूनच सुरू होतात, आणि घरातल्या घरात कोणीतरी कोणाला हाक मारते तेव्हा ती भाषा आपोआप कानावर पडते. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला, ऐन पावसात येतो. त्या दिवशी किल्ला चढता येत नाही, पण गाव मात्र भरलेले असते. परतीची एस. टी. मुरुडहून येते, तिची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवावी.