युरेनसची कडी आणि अवकाश दुर्बिणींची छायाचित्रे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरेनस, म्हणजे मराठी पंचांगातला हर्षल, सूर्यापासून सरासरी २८७ कोटी किलोमीटर अंतरावर आहे. विल्यम हर्शेल यांनी तो १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ येथून शोधला. सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण करायला त्याला ८४ वर्षे लागतात. आजवर एकच यान त्याच्याजवळून गेले आहे, ते म्हणजे व्हॉयेजर-२. तारीख होती २४ जानेवारी १९८६. त्यानंतरची त्याची बहुतेक नवी माहिती दुर्बिणींनी मिळवून दिली.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने ६ फेब्रुवारी २०२३ रोजी टिपलेले त्याचे छायाचित्र त्याच वर्षी ६ एप्रिलला प्रसिद्ध झाले. निळसर बिंब, त्याच्या उजव्या अंगाला पांढुरकी टोपी आणि भोवती जवळजवळ उभी दिसणारी लखलखीत कडी असे ते दृश्य आहे. अशा छायाचित्रांचे कौतुक झाले, तशाच त्यांच्यावरून काही चुकीच्या समजुतीही रूढ झाल्या. अवकाश दुर्बिणीचे छायाचित्र हे मुळात प्रकाशाचे मोजमाप असते. त्यात नेमके काय मोजले आहे हे ठाऊक असले की चित्रातले काय शब्दशः घ्यायचे आणि काय नाही, हे ठरवता येते.

गैरसमज १: वेब दुर्बीण युरेनसच्या जवळ गेली, म्हणून इतके स्पष्ट चित्र मिळाले.

वस्तुस्थिती: वेबचे प्रक्षेपण २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झाले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणाचा मेळ बसणाऱ्या दुसऱ्या लाग्रांज बिंदूच्या परिसरात ती फिरते. युरेनसच्या अंतराच्या तुलनेत ही मजल सुमारे दोन हजाराव्या भागाएवढीच आहे. चित्राच्या स्पष्टतेची कारणे वेगळी आहेत. वेबचा मुख्य आरसा ६.५ मीटर व्यासाचा आहे, तिच्या आणि ग्रहाच्या मध्ये पृथ्वीचे वातावरण येत नाही आणि सूर्याची उष्णता अडवणाऱ्या सौरकवचाच्या सावलीत तिची उपकरणे अतिशय थंड राहतात. दुर्बीण स्वतः गरम असती तर तिच्याच उष्णतेच्या अवरक्त किरणांत दूरचा मंद प्रकाश हरवला असता.

याच कवचामुळे वेबवर एक बंधनही येते. सूर्याच्या दिशेपासून साधारण ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच ती पाहू शकते. त्यामुळे बुध आणि शुक्र तिच्या टप्प्यात कधीच येत नाहीत. युरेनसही वर्षातून ठरावीक काळातच टिपता येतो.

गैरसमज २: चित्रातले रंग संगणकावर भरलेले असतात, म्हणजे चित्र बनावट असते.

वस्तुस्थिती: वेबचा निअर-इन्फ्रारेड कॅमेरा ०.६ ते ५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टिपतो. त्यातला बहुतांश भाग मानवी डोळ्याला दिसतच नाही. कॅमेऱ्यातून येणारी प्रत्येक प्रतिमा कृष्णधवल असते. प्रकाशाच्या वाटेत एक फिल्टर असतो आणि ठरावीक तरंगलांबीचा किती प्रकाश कुठे पडला, याची ती नोंद असते. फेब्रुवारी २०२३ च्या चित्रासाठी असे दोन फिल्टर वापरले, एक १.४ मायक्रोमीटरचा आणि दुसरा ३.० मायक्रोमीटरचा. आखूड तरंगलांबीच्या नोंदीला निळा आणि लांब तरंगलांबीच्या नोंदीला नारिंगी रंग देऊन दोन्ही एकत्र केल्या.

शाळेच्या नकाशासंग्रहात मैदाने हिरवी आणि डोंगर तपकिरी दाखवतात. तो रंग जमिनीचा नसतो, तरी उंचीची माहिती खरीच असते. वेबच्या चित्रातले रंगही याच रीतीने वाचायचे असतात. ढग कुठे आहेत, कडी कुठे आहेत, कोणत्या तरंगलांबीत कोणता भाग उजळ आहे, ही सगळी माहिती मोजलेली असते. निरीक्षणांचा मूळ विदा अमेरिकेतील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून सर्वांना मिळू शकतो आणि हौशी अभ्यासकही त्यावरून स्वतःची चित्रे तयार करतात.

गैरसमज ३: डोळ्यांना युरेनस फिकट आणि नेपच्यून गडद निळा दिसेल.

वस्तुस्थिती: दोन्ही ग्रहांच्या वातावरणात हायड्रोजन आणि हेलियमबरोबर मिथेन आहे. मिथेन सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतो आणि परत येणारा प्रकाश निळसर-हिरवट होतो. नेपच्यूनच्या गडद निळेपणाची समजूत व्हॉयेजर-२ च्या १९८९ मधल्या प्रतिमांमुळे रूढ झाली. ढगांचे बारकावे उठून दिसावेत म्हणून त्या प्रतिमांचा रंगभेद वाढवला होता. शास्त्रज्ञांनी ते तेव्हा सांगितलेही होते, पण पुढे चित्रे पुन्हा पुन्हा छापली गेली आणि ती टीप मागे पडली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल अवकाश दुर्बीण आणि चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोप यांच्या वर्णपटीय नोंदी वापरून जानेवारी २०२४ मध्ये खऱ्या रंगांचा हिशेब मांडला. त्यानुसार दोन्ही ग्रह हिरवट छटेचे फिकट निळे आहेत. नेपच्यून किंचित अधिक निळा आहे, इतकाच फरक.

गैरसमज ४: कडी फक्त शनीला आहेत; इतरांची कडी वेबने शोधली.

वस्तुस्थिती: गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून या चारही महाकाय ग्रहांना कडी आहेत. युरेनसच्या कड्यांचा शोध १० मार्च १९७७ रोजी लागला आणि तोही ती न पाहता. त्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि जेसिका मिंक हे कायपर एअरबोर्न ऑब्झर्व्हेटरी या विमानातल्या ९१ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून हिंदी महासागरावरून हे पिधान नोंदवत होते. हेतू होता ग्रहाचे वातावरण अभ्यासण्याचा. पण ग्रह ताऱ्यासमोर येण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश थोडा थोडा वेळ मंदावला. पिधान संपल्यावर ग्रहाच्या दुसऱ्या बाजूलाही जवळजवळ तितक्याच अंतरांवर तसेच घडले. दोन्ही बाजूंना सारखीच अंतरे येण्याचा अर्थ ग्रहाभोवती अरुंद कडी आहेत, असाच होता. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनीही त्या रात्री १ मीटरच्या दुर्बिणीतून ताऱ्याचा प्रकाश मंदावल्याची नोंद केली होती.

त्या पिधानाच्या नोंदींतून नऊ कडी निश्चित झाली. व्हॉयेजर-२ ने आणखी दोन दाखवली. हबलच्या प्रतिमांवरून २००५ मध्ये बाहेरची दोन अंधुक कडी जाहीर झाली आणि एकूण संख्या १३ झाली. वेबच्या एप्रिल २०२३ च्या चित्रात त्यांपैकी ११ दिसतात. वेबचे श्रेय शोधाचे नाही. अतिशय अंधुक, धुळीची कडीही इतक्या स्वच्छपणे टिपणे हे तिचे यश आहे.

गैरसमज ५: कडी चित्रात दिसतात तितकी रुंद, सलग आणि तेजस्वी आहेत.

वस्तुस्थिती: चित्रातल्या सर्वांत ठळक कड्याचे नाव एप्सिलॉन. ग्रहाच्या केंद्रापासून ते सुमारे ५१ हजार किलोमीटरवर आहे. त्याची रुंदी मात्र जागेनुसार सुमारे २० ते ९६ किलोमीटर एवढीच भरते. वेबच्या कॅमेऱ्याचा आखूड तरंगलांबीसाठीचा एक पिक्सेल ०.०३१ कोनीय सेकंदाचा आहे. एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. युरेनसच्या अंतरावर हा पिक्सेल सुमारे साडेचारशे किलोमीटर व्यापतो. म्हणजे संपूर्ण कडे एका पिक्सेलच्या आतच मावते. तरीही ते दिसते, कारण त्याचा प्रकाश त्या पिक्सेलमध्ये जमा होतो आणि आरशाच्या कडांशी होणाऱ्या विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश वळून फाकण्यामुळे, शेजारच्या पिक्सेलांतही पसरतो. पडद्यावर दिसणारी रेघेची जाडी ही दुर्बिणीच्या क्षमतेची मर्यादा आहे. कड्याची जागा मात्र खरी आहे, आणि रुंद भागाकडे ते अधिक उजळ दिसते हेही खरे आहे.

कडी सलग पत्र्यासारखी असू शकत नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५० च्या दशकात शनीच्या कड्यांबाबत गणिताने दाखवून दिले, की घन कडे स्थिर राहणार नाही. ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे. युरेनसलाही तोच नियम लागू होतो. एप्सिलॉनच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला कॉर्डेलिया आणि ओफेलिया हे छोटे उपग्रह फिरतात आणि त्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे कड्यातले कण विखरत नाहीत.

तेजाबद्दलही हेच. शनीची कडी मुख्यतः बर्फाची असून चांगली उजळ आहेत. युरेनसच्या मुख्य कड्यांतले कण त्यांच्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी जेमतेम दोनेक टक्के परत फेकतात. वेबच्या चित्रात ती लखलखतात, कारण अवरक्त पट्ट्यात ग्रहाच्या वातावरणातला मिथेन सूर्यप्रकाश मोठ्या प्रमाणात शोषतो. त्यामुळे ग्रह मंद होतो आणि कडी उठून दिसतात. शिवाय चित्र तयार करताना अंधुक भाग मुद्दाम उजळ केलेले असतात.

गैरसमज ६: युरेनसची कडी विषुववृत्ताभोवती नसून ध्रुवांवरून फिरतात.

वस्तुस्थिती: कडी विषुववृत्ताच्या प्रतलातच आहेत, कलंडलेला आहे तो ग्रह. युरेनसचा अक्ष त्याच्या कक्षेच्या लंबाशी सुमारे ९८ अंशांचा कोन करतो. म्हणून तो जवळजवळ कुशीवर पडून सूर्याभोवती फिरतो. त्याचे विषुववृत्त, कडी आणि मोठे उपग्रह हे सगळेच त्याच्याबरोबर आडवे झालेले आहे. परिणामी ८४ वर्षांच्या एका फेरीत प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे अंधार असतो. १९८६ मध्ये दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. २००७ मध्ये सूर्य विषुववृत्ताच्या प्रतलात आला आणि पृथ्वीवरून कडी काही काळ कडेने, रेघेसारखी दिसली. वेबने पाहिला तो उत्तर ध्रुव, तोही तिथल्या वसंताच्या अखेरीस.

गैरसमज ७: युरेनस हा गुळगुळीत, काहीही न घडणारा ग्रह आहे.

वस्तुस्थिती: व्हॉयेजर-२ ने पाठवलेल्या दृश्य प्रकाशातल्या प्रतिमांत जवळपास कोरे बिंब होते, त्यावरून ही समजूत झाली. त्या प्रतिमा चुकीच्या नव्हत्या. वरच्या धुरकट थरातून दृश्य प्रकाशात फारसे काही दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अवरक्त पट्ट्यात वेगवेगळ्या तरंगलांब्या वातावरणाच्या वेगवेगळ्या खोलीतून परततात, म्हणून उंचावरचे ढग ठळक होतात. वेबच्या चित्रात उत्तर ध्रुवावरची टोपी, तिच्या कडेला एक तेजस्वी ढग आणि बिंबाच्या डाव्या काठावर दुसरा ढग दिसतो. ध्रुव सूर्यासमोर आला की ही टोपी उजळते आणि शरद ऋतूत मावळते. तिच्या मध्यभागी किंचित अधिक उजळ भाग असल्याचे वेबमुळे लक्षात आले. या ग्रहावरचे वारे ताशी ९०० किलोमीटरपर्यंत वेग गाठतात.

गैरसमज ८: छायाचित्र म्हणजे एका क्षणाचे दृश्य.

वस्तुस्थिती: फेब्रुवारी २०२३ चे चित्र १२ मिनिटांच्या प्रकाशग्रहणातून तयार झाले. युरेनस सुमारे सव्वासतरा तासांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो चार अंशांहून थोडा अधिक वळतो. ढग आणि जवळचे उपग्रह त्या काळात जागा बदलतात. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चित्रासाठी चार फिल्टर वापरले आणि लहान-मोठ्या कालावधीच्या अनेक नोंदी जुळवून ही हालचाल दुरुस्त केली. त्या चित्रात सर्वांत आतले, विरळ झीटा कडेही दिसते.

गैरसमज ९: ग्रहाभोवतीचे ठिपके म्हणजे तारे, किरण फुटलेले दिसले तर तो नक्कीच तारा.

वस्तुस्थिती: विस्तृत चित्रांतल्या ठिपक्यांत युरेनसचे उपग्रह असतात आणि मागे फार दूरच्या दीर्घिकाही असतात. तेजस्वी बिंदूंभोवतीचे टोकदार किरण दुर्बिणीत तयार होतात. वेबच्या आरशात १८ षटकोनी तुकडे आहेत. त्यांच्या कडा आणि पुढचा आरसा धरणारे दांडे यांच्यामुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन सहा मोठे आणि दोन लहान किरण उमटतात. बिंदू पुरेसा तेजस्वी असला की तो तारा आहे की उपग्रह, याने फरक पडत नाही. वेबच्या २०२२ मधल्या नेपच्यूनच्या चित्रात ट्रायटन हा उपग्रह म्हणूनच ताऱ्यासारखा चमकतो.

उपग्रह ओळखायचा तो त्याच्या हालचालीवरून. २ फेब्रुवारी २०२५ रोजी वेबने प्रत्येकी ४० मिनिटांच्या दहा प्रतिमा घेतल्या. त्यांत ग्रहाभोवती फिरणारा एक नवा, अंधुक ठिपका सापडला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हा शोध जाहीर झाला आणि युरेनसच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २९ झाली. त्याचा सुमारे १० किलोमीटर व्यास हा थेट मोजलेला नाही. ठिपक्याच्या तेजावरून काढलेला तो अंदाज आहे.

गैरसमज १०: वेब आल्यामुळे हबल निरुपयोगी झाली आणि युरेनसकडे यान पाठवण्याची गरज उरली नाही.

वस्तुस्थिती: १९९० मध्ये सोडलेली हबल अतिनील आणि दृश्य प्रकाशात पाहते, तर वेबचे मुख्य क्षेत्र अवरक्त आहे. २०११ ते २०२२ या काळात हबलने टिपलेल्या युरेनसच्या ध्रुवीय प्रकाशाचा मागोवा घेऊन त्याच्या परिवलनाचा काळ १७ तास १४ मिनिटे ५२ सेकंद असा २०२५ मध्ये निश्चित झाला. व्हॉयेजरच्या अंदाजापेक्षा तो २८ सेकंदांनी जास्त आहे. हे काम अवरक्त चित्रांतून झालेले नाही.

दोन्ही दुर्बिणी मिळूनही काही प्रश्न सुटत नाहीत. कड्यांतल्या कणांचे प्रत्यक्ष आकार, ग्रहाच्या अंतर्भागाची रचना, चुंबकीय क्षेत्राचा बारीक नकाशा आणि ढगांखालच्या वायूंचे प्रमाण यांसाठी उपकरणे तिथे न्यावी लागतात. म्हणूनच अमेरिकेतील ग्रहशास्त्राच्या दशवार्षिक आढाव्याने २०२२ मध्ये युरेनसभोवती फिरणारे यान आणि त्याच्या वातावरणात उतरणारी कुपी या मोहिमेला मोठ्या मोहिमांत पहिला क्रम दिला. ऋतू कसे बदलतात, ढग कुठे उठतात आणि कड्यांजवळ कोणते लहान उपग्रह फिरतात, याची दुर्बिणींनी वर्षानुवर्षे केलेली नोंद अशा मोहिमेची आखणी करताना आधाराला असेल.