समजून घ्या : ४०० कोटी वर्षे जुन्या तारकागुच्छात ‘तरुण’ तारे आले कुठून? ‘ॲस्ट्रोसॅट’ला मिळाला पुरावा

फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री कर्क राशीतला ‘एम ६७’ हा तारकागुच्छ कोल्हापुरात जवळपास डोक्यावर येतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, बायनाक्युलर हवी. यातले तारे एकाच सुमारास, साधारण ४०० कोटी वर्षांपूर्वी जन्मले. वजनदार निळे तारे इंधन भराभर जाळतात. एवढ्या जुन्या गुच्छात ते उरायलाच नकोत. तरीही काही आहेत. त्यांना म्हणतात ‘ब्लू स्ट्रॅगलर’, म्हणजे मागे रेंगाळलेले निळे तारे.

हे तारुण्य शेजाऱ्याकडून आलेले असू शकते. जोडताऱ्यांतला एक म्हातारपणी फुगतो. त्याचा वायू त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या हद्दीबाहेर सांडतो आणि जोडीदारावर पडतो. जोडीदार जड, तप्त, निळा होतो. देणाऱ्याचा फक्त गाभा उरतो, तो श्वेतबटू. बातम्यांत यांना ‘व्हॅम्पायर तारे’ म्हणतात. नाव चटकदार आहे, पण इथे कुणी चावत नाही. देणाराच उतू जातो.

मग पुरावा कसा मिळाला?

साध्या प्रकाशात निळ्या ताऱ्याच्या झगमगाटात चिमुकला श्वेतबटू हरवतो. अतिनील किरणांत मात्र तो उठून दिसतो, कारण तो जास्त तप्त असतो. अडचण अशी, की हे किरण वातावरणातच अडतात. पन्हाळ्यावर कितीही मोठी दुर्बीण बसवली तरी उपयोग नाही. अवकाशातच जावे लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वर ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील दुर्बीण आहे. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने ती बनली. पुण्याच्या ‘आयुका’चाही त्यात वाटा आहे. २०१६ मध्ये अन्नपूर्णी सुब्रमण्यम यांच्या गटाला ‘एनजीसी १८८’ या गुच्छातल्या ब्लू स्ट्रॅगलरचा तप्त जोडीदार सापडला.

२०१९ मधला ‘एम ६७’चा शोध त्याहून बोलका. तिथल्या एका ब्लू स्ट्रॅगलरजवळ सुमारे १३ हजार केल्विन तापमानाचा श्वेतबटू मिळाला. वस्तुमान सूर्याच्या फक्त ०.१८ पट! एकट्या ताऱ्यापासून इतका हलका श्वेतबटू बनायला विश्वाचे आजवरचे वयही पुरत नाही. त्याचे वस्तुमान कुणीतरी नेलेच असले पाहिजे, आणि नेणारा शेजारीच उभा आहे.

पुढे काय?

‘ॲस्ट्रोसॅट’ची रचना ५ वर्षांसाठी होती. यूव्हीआयटीचा निकट-अतिनील विभाग २०१८ मध्येच बंद पडला. त्यानंतर मदार दूर-अतिनील विभागावर राहिली. नासाची ‘गॅलेक्स’ ही अतिनील दुर्बीणही २०१३ मध्ये थांबली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने एक मीटर व्यासाच्या ‘इन्सिस्ट’ अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव मांडला आहे.