शाळा दूर असली तरी शिकणे चालू राहावे

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतील कित्येक वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या जोडीलाच तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांची मुले कधी सोबत जाऊन उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात, तर कधी आजी-आजोबांजवळ गावीच थांबतात. शालेय वर्षाचा मोठा भाग अशा रीतीने विस्कटतो.

शहरांतील काही ख्रिस्ती कुटुंबे विचारपूर्वक आपल्या मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबावर मात्र ही वेळ परिस्थिती आणते. दोन्ही घरांपुढील प्रश्न एकच असतो: शिक्षक शेजारी नसताना मुलाने शिकावे कसे? आमच्या मते याचे उत्तर मुलाला स्वतः शिकण्याची सवय लावण्यात आहे.

आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या आपल्या घोषणापत्रात स्पष्ट केले. हे वाचून ‘आम्ही तर निरक्षर, आम्ही काय शिकवणार?’ असे अनेक पालकांच्या मनात येईल. पवित्र शास्त्रातील तीमथ्याचे उदाहरण येथे धीर देणारे आहे. त्याच्या अंतःकरणातील विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे संत पौल त्याला लिहितात. आजीजवळ राहणाऱ्या मुलाचे घर म्हणजे शिक्षणाविना राहिलेले घर नव्हे, हे त्यातून आपण शिकावे.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही याचे ठळक उदाहरण आहे. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून सतत फिरत असे. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या आईने त्यांना संस्कृत शिकवले, तेही मुक्काम बदलत असताना. पुढे १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपले. शिकण्याची सवय मात्र त्यांच्याजवळ राहिली. १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवले. १८८३ साली ख्रिस्ती झाल्यानंतर त्यांनी पुढील आयुष्यात हिब्रू व ग्रीक या भाषा आत्मसात करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. आईने दिलेली शिदोरी आईच्या पश्चात इतकी दूरवर पुरली.

ही सवय लावावी कशी? पहिली गोष्ट, वेळ ठरलेली असावी. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरचा अर्धा तास अभ्यासाचा, हे मुलाच्या अंगवळणी पडले की दररोज सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट, आधी भाषा की आधी गणित, हे मुलाला ठरवू द्यावे; निवड स्वतःची असली की जबाबदारीही स्वतःची वाटते. तिसरी गोष्ट, अडले की लगेच उत्तर सांगू नये. मुलाने दोनदा प्रयत्न करावा आणि तरीही न सुटलेला प्रश्न एका वहीत लिहून ठेवावा. शिक्षक, धर्मभगिनी किंवा धर्मगुरू भेटतील तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवता येईल. चौथी गोष्ट निरक्षर पालकांना सर्वांत सोपी आहे: ‘आज काय वाचलेस ते मला समजावून सांग,’ असे म्हणावे आणि मन लावून ऐकावे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला काय कळले नाही, ते मुलाला स्वतःच उमगते.

अभ्यासाचे साहित्य भोवतालीही आहे. कारखान्याची काटापावती मुलाने वाचावी, टनाचा हिशेब मांडावा, उचल किती फिटली व किती उरली याची वजाबाकी करावी. असे गणित घरच्यांच्याही उपयोगी पडते. हिशेब वाचता येणाऱ्या घराला फसवणे कठीण असते.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक वाटतो. मुलाला स्वावलंबी करणे आणि त्याला वाऱ्यावर सोडणे यांत मोठे अंतर आहे. थोरल्या मुलीच्या कडेवर तान्हे भावंड, डोक्यावर घागर आणि हाती चूल देऊन आपण तिला ‘शहाणी, समंजस’ म्हणतो. प्रत्यक्षात तिचे शिक्षण थांबलेले असते, आणि थांबलेल्या शिक्षणापाठोपाठ तिच्या लग्नाची घाई सुरू होते. घरकामातून तिचा अभ्यासाचा वेळ राखून ठेवणे हे आईवडिलांचे, आणि ते दूर असतील तेव्हा आपल्या धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.

घरच्या अभ्यासामुळे शाळा अनावश्यक ठरत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. स्थलांतरापूर्वी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे, म्हणजे मुक्कामाच्या गावच्या शाळेत मुलाला बसता येते. गावी थांबणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेतच करावी. ज्यांची शाळा आधीच सुटली आहे, त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावीच्या परीक्षेस बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही खुला आहे. या वाटांवर वर्गातील शिकवणी थोडी आणि स्वतःचा अभ्यास अधिक असतो, म्हणूनच ती सवय लहानपणी लागलेली बरी.

बारा वर्षांचा बाळ येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारत होता, असे संत लूक सांगतात. त्यानंतर तो नासरेथला परतला आणि मारिया व योसेफ यांच्या घरात ज्ञानाने व शरीराने वाढत गेला. ऐकणे, विचारणे आणि घरात वाढणे या तिन्ही गोष्टी आपल्या लेकरांना लाभाव्यात, मग ते घर दगडमातीचे असो की उसाच्या पाचटाचे, हीच आमची प्रार्थना.