सड्यावरची प्राचीन चित्रे आणि एसटीची वाट

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, की आपल्या घरांतून यात्रेचे बेत सुरू होतात. शत्रुंजय, गिरनार, सम्मेदशिखर, जवळचे कुंभोज-बाहुबली ही नावे ओठांवर येतात. त्या तीर्थांची जागा अन्य कशानेही भरून निघणार नाही. परंतु चार दिवस पेढी बंद ठेवणे ज्यांना शक्य होत नाही, अशा रत्नागिरीकर कुटुंबांना सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी घरी परतता येईल असा एक प्राचीन ठेवा अगदी जवळ आहे. तो म्हणजे कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पे.

जांभ्याच्या विस्तीर्ण, उघड्या पठारावर हत्ती, वाघ, मासे, पक्षी, मानवाकृती आणि भूमितीच्या गूढ रचना कोरलेल्या आहेत. आज कोकणात न आढळणाऱ्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृतीही त्यांत आहेत. यांतील सर्वांत जुनी शिल्पे मध्याश्मयुगातील, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना व वृद्धांना विचारून यांतील कितीतरी शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणांची नोंद झाली. त्यांपैकी उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात आपल्या जिल्ह्यातील आहेत. आठवे सिंधुदुर्गातील कुडोपी आणि नववे गोव्यातील फणसामळ.

पहिल्या सहलीसाठी उक्षी उत्तम. कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या उत्तरेस भोके आणि त्यापुढे उक्षी ही स्थानके लागतात. या दोहोंच्या दरम्यान साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आहे, त्यामुळे मुलांना प्रवासाचीही मौज वाटते. येथे पॅसेंजर गाड्याच थांबतात, म्हणून जाण्याची व परतीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. स्थानकापासून सड्यापर्यंत चालत जावे की रिक्षाने, हे गावात विचारून ठरवावे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती दगडी कुंपण घालून त्याचे रक्षण केले आहे. शासनाची वाट न पाहता गावाने वारसा कसा जपावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

दुसरी सहल कशेळीची. पावस, पूर्णगडमार्गे आडिवऱ्याकडे जाणाऱ्या एसटीचा हा मार्ग समुद्राच्या सोबतीने जातो. कशेळीचे कनकादित्य मंदिर प्रसिद्ध आहे. मात्र गावाच्या सड्यावरील हत्ती अनेकांनी पाहिलेला नसतो. त्याची लांबी सुमारे १८ मीटर, म्हणजे आपण ज्या एसटीतून उतरलो तिच्याहूनही अधिक. आणि त्याच्या देहात इतर लहान प्राण्यांच्या कितीतरी आकृती सामावलेल्या आहेत. वाट दाखविण्यास गावातील माणूस सोबत घ्यावा आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा.

एसटीत महिलांना व ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे; त्यामुळे आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबालाही खर्चाचा भार जाणवत नाही. सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही. उकळून गार केलेले पाणी, खाकरा, थेपले व डोक्याला टोपी घरूनच न्यावी. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव रेषा ठळक दिसतात, भर दुपारी त्या विरून जातात. पावसाळ्यात सडा शेवाळ, गवत आणि असंख्य सूक्ष्म जीवांनी भरलेला असतो. त्या काळात तेथे न जाणेच आपल्या धर्माला व शिल्पांनाही हितकर. गवत सुकल्यावर, पौष-माघात जावे.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात कुस्को शहरातून पिसाकसारखी इंका लोकांची प्राचीन स्थळे पाहण्यास अनेक प्रवासी गावकऱ्यांच्याच वडाप गाड्यांतून जातात. त्याच देशात नाझकाच्या वाळवंटात जमिनीवर रेखलेली प्रचंड चित्रे आहेत. २०१४ मध्ये काही आंदोलक तेथे चालत गेले आणि त्यांच्या पावलांच्या खुणा त्या भूमीवर उमटून राहिल्या. आपला जांभा पावलांनी तसा खचत नाही. त्याला भय आहे ते चिऱ्यांच्या खाणींचे, रस्त्यांचे आणि सपाटीकरणाच्या यंत्रांचे.

येथे आपला संबंध केवळ प्रेक्षकाचा राहत नाही. आपल्यापैकी अनेकांची घरे व दुकाने जांभ्या चिऱ्याची आहेत. कोणी बांधकाम साहित्याचा व्यापार करतो, कोणी आंब्याच्या बागेसाठी अथवा गुंतवणुकीसाठी सड्यावरची जमीन घेतो. आपण सातबारा बारकाईने पाहतो, फेरफार तपासतो. पण कातळ पाहत नाही. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेल्या तुकड्यावर दहा हजार वर्षांचा लेख असू शकतो. तो एकदा फोडला गेला की कोणतीही किंमत देऊन परत मिळणार नाही. म्हणून खरेदीपूर्वी एक दिवस गावातील जाणत्या माणसासह ती जमीन पायी फिरावी; आकृती आढळल्यास ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि तेवढा भाग अस्पर्श ठेवावा. चिरा घेतानाही तो कोणत्या सड्यावरून आला, हे विचारावे. ग्राहकाने विचारले की पुरवठादार सावध होतो, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावयास नको.

चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, अशी ईर्यासमितीची शिकवण आहे. ती मुनींसाठी सांगितलेली असली, तरी सड्यावर श्रावकालाही उपयोगी पडते. तसे चालणाऱ्याच्या पायाखाली मुंगी येत नाही, आणि दगडात दडलेला मासाही त्याच्या नजरेतून सुटत नाही. या हिवाळ्यात एका रविवारी मुलांना मोटारीऐवजी एसटीने घेऊन जावे आणि त्यांना हे चालणे शिकवावे.