तोंडातली बुरशी आणि रक्तातली बुरशी

तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसला की ‘बुरशी रक्तात गेली’ अशी भीती अनेकांना वाटते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कॅन्डिडा हे यीस्ट (एकपेशीय बुरशी) निरोगी माणसाच्याही त्वचेवर, तोंडात आणि आतड्यात असते. ते रक्तात किंवा आतल्या अवयवांत शिरले, तरच त्याला आक्रमक कॅन्डिडा-संसर्ग म्हणतात. बांधावरची हराळी पिकाला फारशी बाधत नाही. ती वाफ्यात शिरली की कोवळे रोप धोक्यात येते, तसेच हे.

धोका मुख्यतः अतिदक्षता विभागातल्या बाळांना असतो: जन्मवजन 1000 ग्रॅमपेक्षा कमी, मोठ्या शिरेत बराच काळ नळी, पोटाची शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ प्रतिजैविके (जिवाणूनाशक औषधे). प्रतिजैविकांनी बुरशी मरत नाही. उलट तिला रोखणारे जिवाणू कमी होतात. निदानासाठी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करतात. उपचारासाठी फ्लुकोनॅझोल, अ‍ॅम्फोटेरिसिन-बी यांसारखी बुरशीरोधक औषधे लागतात.

निरोगी बाळाच्या तोंडातला थर सहसा साध्या उपचाराने जातो. अतिदक्षता विभागात मात्र बाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने हात स्वच्छ करावेत.