इंग्लंडमधला दुपारचा चहा

इंग्लंडमध्ये ‘आफ्टरनून टी’ला बाहेर जायचे ते दीड-दोन तासांची सवड काढूनच. नाव चहाचे असले तरी त्याच्यासोबत सँडविच, स्कोन आणि केक असा सगळा सरंजाम येतो आणि त्यानंतर रात्रीच्या जेवणाची फारशी भूक उरत नाही.

चहा इंग्लंडमध्ये पोचला सतराव्या शतकाच्या मध्यास. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाशी विवाह करून आली. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती याच विवाहात. कॅथरिनला चहाची सवय होती. राणीचे पाहून दरबारी स्त्रियाही चहा पिऊ लागल्या. सामान्यांना मात्र जबर करामुळे तो परवडत नसे आणि चोरटा व्यापार जोरात चाले. १७८४ मध्ये ११९ टक्क्यांचा कर साडेबारा टक्क्यांवर आणल्यावर चहाचा प्रसार झपाट्याने झाला.

दुपारच्या चहाचे श्रेय बेडफर्डची सातवी डचेस ॲना मारिया हिला देतात. १८४०च्या सुमारास श्रीमंत घरांत रात्रीचे जेवण आठपर्यंत लांबले होते. मधल्या वेळी पोटात कावळे ओरडू लागत, म्हणून ती खोलीतच चहा आणि लोणी लावलेला पाव मागवू लागली. पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागली. प्रथा एकट्या तिने सुरू केली असे मानणे कठीण आहे, कारण दुपारी चहा घेणारे आधीही होते. जेवणाची वेळ पुढे सरकली आणि ती पोकळी चहाने भरली, हेच कारण अधिक पटण्यासारखे आहे.

हा दिवाणखान्यातला चहा रस्त्यावरच्या दुकानात आला, ही त्याच्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना. ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ने १८६४ मध्ये लंडनमधल्या आपल्या पावाच्या दुकानात चहा द्यायला सुरुवात केली. १८९४ मध्ये पिकॅडिलीत ‘लायन्स’चे पहिले चहाघर उघडले. तोवर प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीला एकटीने बाहेर बसून काही खाणे अवघड होते. क्लब पुरुषांचे आणि दारूच्या गुत्त्यात पाऊल टाकण्याची सोय नाही. चहाघरे स्वच्छ, स्वस्त आणि दारूविरहित होती. कचेरीत काम करणाऱ्या मुली तिथे जेवू लागल्या, खरेदीला आलेल्या बायका घटकाभर टेकू लागल्या आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना बैठकीसाठी हक्काची जागा मिळाली.

मोठ्या हॉटेलांचा थाट वेगळा. लंडनच्या ‘रिट्झ’मध्ये सकाळी साडेअकरापासून ठरावीक वेळांच्या पंगती बसतात. जागा बरीच आधी राखून ठेवावी लागते, जीन्स चालत नाही आणि पुरुषांना कोट लागतो. यॉर्कशरमधल्या हॅरोगेटचे ‘बेटीज’ हे १९१९ पासूनचे चहाघरही तितकेच नावाजलेले आहे.

खाद्यपदार्थ बहुधा तीन मजली तबकातून येतात. सुरुवात सँडविचने करायची, मग स्कोन, शेवटी केक. सँडविचच्या पावाच्या कडा काढून बोटभर लांबीचे तुकडे केलेले असतात. आत काकडी, अंडे-मेयोनीज किंवा धुरावलेला सामन मासा असतो. काकडीचे सँडविच दिसायला साधे, पण त्यातच स्वयंपाक्याचा कस लागतो. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून पाणी काढायचे आणि पावाला कडेपर्यंत लोणी लावायचे, तरच पाव ओला होत नाही. शाकाहारींनी जागा राखतानाच तसे सांगावे. बहुतेक ठिकाणी त्यांचे वेगळे तबक मिळते.

स्कोन हा मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडरचा जाडसर, फारसा गोड नसलेला पाव. तो गरम असतानाच हाताने आडवा उघडायचा आणि त्यावर जॅम व क्लॉटेड क्रीम घालायचे. हे क्रीम तासन्‌तास मंद तापवून निववलेले असते आणि आपल्या घट्ट सायीच्या जवळ जाते. कॉर्नवॉलच्या अस्सल क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. डेव्हनमध्ये आधी क्रीम, वर जॅम; कॉर्नवॉलमध्ये नेमके उलट. दोन्ही परगणे या बाबतीत हट्टाला पेटलेले आहेत.

चहा किटलीतून येतो. आसाम, दार्जिलिंग, सिलोन, बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा वास असलेला अर्ल ग्रे किंवा धुरकट लॅपसँग सूचाँग, यांपैकी हवा तो निवडावा. पत्ती गरम पाण्यात तीन ते पाच मिनिटे मुरवतात, दुधात उकळत नाहीत. उकळलेल्या चहाची सवय असलेल्या मराठी जिभेला तो पातळ वाटेल, पण दार्जिलिंगचा खरा सुगंध असाच कळतो. त्यात दूध न घातलेलेच बरे. करंगळी वर करून कप धरणे शिष्टाचारात बसत नाही.

‘हाय टी’ हा प्रकार वेगळा. तो मुळात कामगार घरांतला, मांस-मासे आणि पावाचा संध्याकाळचा भरपेट फराळ. आता जगभरातली हॉटेले दोन्ही नावे सरमिसळ वापरतात.

किंमत माणशी ठरलेली असते. बऱ्याच हॉटेलांत चहा आणि सँडविच पुन्हा मागितल्यास जादा पैसे पडत नाहीत, आणि उरलेला केक डब्यात बांधून मिळतो. लंडनमध्ये बिलात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेले असते. ते असल्यास वेगळी बक्षिसी द्यावी लागत नाही.